वाचकांचे प्रश्न : प्रोग्रामिंग भाषांचा तास आणि त्याचे नियम

यंदाच्या सत्रात या सदराकडे आलेल्या पत्रांचा गठ्ठा चाळताना असे दिसले की नाशिक शहर, सिन्नर, निफाड आणि दिंडोरी येथून आलेली बरीच पत्रे एकाच विषयाभोवती फिरत आहेत. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या संगणक अभियांत्रिकीच्या २०१९ च्या अभ्यासक्रमात दुसऱ्या वर्षाच्या चौथ्या सत्रात ‘प्रिन्सिपल्स ऑफ प्रोग्रामिंग लँग्वेजेस’, म्हणजे प्रोग्रामिंग भाषांची तत्त्वे, हा विषय होता. मुले त्याला ‘पीपीएल’ म्हणतात, आणि स्वायत्त महाविद्यालयांत तो इतर नावांनीही शिकवला जातो. पत्रांतील तक्रारी विषयाच्या आशयाबद्दल फारशा नाहीत, त्या व्यवस्थेबद्दल आहेत : सबमिशन केव्हापर्यंत घ्यावे, कॉपी नेमकी कशाला म्हणावी, लॅबमध्ये कोणता कंपायलर (प्रोग्रामचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारे साधन) असावा. हा विषय मी बरीच वर्षे शिकवला आणि त्याच्या नियमांत स्वतःही पुष्कळ चुका केल्या, त्यामुळे उत्तरे अनुभवातून देत आहे. पत्रे संक्षेपाने छापली आहेत.

प्रश्न : आमच्या सरांनी सत्र सुरू झाल्यावर दोन महिन्यांनी जाहीर केले की, उशिरा आलेल्या सबमिशनला शून्य गुण मिळतील. आमच्या गावात वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसतो आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये घरी द्राक्षांची काढणी असते. हा नियम योग्य आहे का? — एक विद्यार्थिनी, निफाड तालुका

उत्तर : नियम कडक आहे ही तुमची दुय्यम अडचण आहे. तो दोन महिन्यांनी सांगितला गेला, ही खरी अडचण आहे. ज्या नियमाने गुण कापले जाणार आहेत, तो पहिल्या तासाला कागदावर लिहून मुलांच्या हाती दिलेला असला पाहिजे. त्या कागदावर किती असाइनमेंट आहेत, प्रत्येकीची तारीख कोणती, टर्म वर्कच्या (सत्रभराच्या कामाच्या) गुणांत तिचा वाटा किती आणि उशीर झाल्यास काय होईल, एवढे असले तरी निम्मे वाद होणारच नाहीत. लेखी परीक्षेची विभागणी, म्हणजे २०१९ च्या अभ्यासक्रमात सत्राच्या मध्यावरील इन-सेमचे ३० आणि अखेरच्या एंड-सेमचे ७० गुण, विद्यापीठाने ठरवलेली असते आणि ती शिक्षकाला बदलता येत नाही. असाइनमेंटच्या तारखा आणि उशिराचा नियम मात्र बहुतेक वेळा त्याच्याच हातात असतो.

उशिराबाबत मला अनुभवाने पटलेली पद्धत सवलतीच्या दिवसांची आहे. संपूर्ण सत्रासाठी प्रत्येक विद्यार्थ्याला, समजा, चार दिवस द्यावेत, आणि एका असाइनमेंटसाठी त्यांपैकी जास्तीत जास्त दोन वापरता यावेत. हे दिवस वापरताना कारण विचारू नये. कारण विचारायचे ठरवले की शिक्षकाला न्यायाधीश व्हावे लागते, कोणाच्या गावची वीज खरोखर गेली आणि कोणाची आजी खरोखर आजारी होती याचा निवाडा करत बसावे लागते, आणि त्यात ज्याला बोलता येते त्याला सवलत मिळते व ज्याला संकोच वाटतो तो शून्य घेऊन गप्प बसतो. सवलत संपल्यावर दर दिवसाला दहा टक्के कपात पुरेशी असते. सरसकट शून्याचा तोटा असा की, एक दिवस उशीर झालेल्या मुलापुढे प्रामाणिकपणे पूर्ण करून शून्य घेणे आणि मित्राची फाईल वेळेत जमा करून पूर्ण गुण घेणे, असे दोनच पर्याय उरतात. एकोणीस वर्षांचा मुलगा कोणता पर्याय निवडेल हे सांगायला नको. दीर्घ आजार किंवा घरातील मृत्यू यांचा विचार अर्थातच या चार दिवसांच्या बाहेर, स्वतंत्रपणे व्हावा.

सरांची बाजूही समजून घ्या, कारण या विषयात असाइनमेंट एकमेकींच्या खांद्यावर उभ्या असतात. प्रथम शब्द ओळखणारा लेक्सर, मग वाक्यरचना तपासणारा पार्सर, मग पदावलीची किंमत काढणारा इव्हॅल्युएटर आणि शेवटी फंक्शन हाताळणारा छोटा इंटरप्रिटर (दिलेला प्रोग्राम वाचून तेथेच चालवणारा प्रोग्राम), अशी ती चढण असते. पार्सर राहिला की पुढचे सगळेच राहते, म्हणून शिक्षक तारखेबद्दल आग्रही असतो. यावर उपाय असा की, मुदत आणि सवलत दोन्ही संपल्यावर शिक्षकाने स्वतःचा चालणारा पार्सर सर्वांना द्यावा आणि पुढची असाइनमेंट त्यावर करण्याची मुभा ठेवावी. जो मागे पडला त्याचे पार्सरचे गुण गेले तरी त्याचे सत्र वाया जाऊ नये. मुदतीची वेळही मी मध्यरात्रीऐवजी संध्याकाळी पाचची ठेवत असे, कारण घरी इंटरनेट नसलेला विद्यार्थी तोपर्यंत लॅबमधून जमा करू शकतो.

तुम्ही वर्गप्रतिनिधीमार्फत हे सर्व एका पानावर लिहून सरांना द्या. तोंडी केलेली विनंती तक्रारीसारखी ऐकू येते, आणि लिहिलेल्या प्रस्तावावर निदान विचार होतो.

प्रश्न : मी मनमाडहून रेल्वेने येतो. पहिला तास वारंवार चुकतो. असाइनमेंट सर्व वेळेवर आहेत, तरी डिटेन करतील का? — एक विद्यार्थी

उत्तर : करू शकतात. टर्म ग्रँट होण्यासाठी, म्हणजे परीक्षेला बसता येण्यासाठी, ७५ टक्के हजेरीची अट असते आणि उत्तम असाइनमेंट तिची भरपाई करत नाहीत. हजेरीची टक्केवारी दर महिन्याला विभागातून पाहून घ्या आणि वर्गशिक्षकांना आताच लेखी कळवा. सत्र संपताना कळवून काही उपयोग होत नाही.

प्रश्न : मी गंगापूर रोडवरील एका महाविद्यालयात नव्याने रुजू झाले आहे. सत्तर जणांच्या वर्गात चार-पाच मूळ प्रोग्राम असतात आणि बाकीच्या त्यांच्या नकला. आता तर एआयकडून लिहून घेतलेले प्रोग्रामही येतात. कॉपीचा नियम कसा लिहावा? — एक प्राध्यापिका

उत्तर : प्रथम एक गैरसमज दूर करतो. विद्यापीठ अनुदान आयोगाची २०१८ ची वाङ्मयचौर्यविषयक नियमावली दाखवून मुलांना धाक घालण्याची पद्धत अनेक ठिकाणी दिसते. त्या नियमावलीत १० टक्क्यांपर्यंतच्या साधर्म्याला शिक्षा नाही आणि पुढे ४० व ६० टक्क्यांच्या पायऱ्या आहेत, हे खरे आहे. परंतु ती पदव्युत्तर व संशोधन पातळीवरील प्रबंध आणि प्रकाशने यांच्यासाठी आहे, आणि असाइनमेंट, प्रकल्प अहवाल व उत्तरपत्रिका तिच्या व्याख्येतून स्पष्टपणे वगळलेल्या आहेत. याचा अर्थ असा की, तुमच्या वर्गापुरती कॉपीची व्याख्या तुम्हालाच करावी लागेल, आणि ती करताना महाविद्यालयाचा शिस्तीचा नियम काय म्हणतो हे विभागप्रमुखांकडून पाहून घ्यावे लागेल.

‘कॉपी करू नये’ एवढेच लिहिणे निरुपयोगी आहे, कारण कॉपी म्हणजे काय यावर वर्गातील सत्तर जणांची सत्तर मते असतात. मित्राला अडचण सांगणे ही कॉपी आहे का? त्याच्या स्क्रीनवर पाहणे? इंटरनेटवरील दहा ओळी घेणे? मी नियम असा लिहीत असे : चर्चा कोणाशीही करा, फळ्यावर आकृत्या काढा, वादही घाला. उठताना मात्र फळा पुसा, चर्चेचा एकही कागद किंवा फोटो बरोबर नेऊ नका, मध्ये तासभर दुसरे काही करा आणि मग एकट्याने लिहायला बसा. वर्गात सांगताना या तासाभराला मी ‘मिसळ खाण्याचा तास’ म्हणत असे, आणि मुलांच्या लक्षात राहिलेला तो माझा एकमेव नियम असावा. तासाभरानंतर जे आठवते ते समजलेले असते. त्याशिवाय प्रत्येक फाईलच्या माथ्यावर कोणाशी चर्चा केली आणि कोठून काय घेतले याची नोंद बंधनकारक असावी. नोंद केलेल्या मदतीबद्दल फार तर गुण कमी व्हावेत. लपवलेल्या मदतीबद्दल मात्र कारवाई व्हावी.

नकला शोधण्यासाठी डोळ्यांवर विसंबू नका. स्टॅनफर्डच्या अ‍ॅलेक्स एकेन यांनी १९९४ मध्ये तयार केलेले ‘मॉस’ आणि जर्मनीतील कार्ल्सरूहे येथे तयार झालेले ‘जेप्लॅग’ ही दोन्ही साधने शिक्षकांना विनामूल्य वापरता येतात. मॉस प्रोग्राममधील नावे आणि मोकळ्या जागा बाजूला काढते, उरलेल्या मजकुराचे एकमेकांवर चढलेले छोटे तुकडे करते, त्यांचे आकड्यांत रूपांतर करून काही निवडक आकडे ठशांसारखे जपते, आणि दोन फाईलींतील ठसे ताडून पाहते. त्यामुळे ‘टोटल’चे ‘बेरीज’ केले किंवा फंक्शनांचा क्रम बदलला तरी फारसा फरक पडत नाही. तुम्ही स्वतः दिलेला सांगाडा सर्वांच्या फाईलींत असणारच, तेव्हा तो ‘बेस फाईल’ म्हणून आधी द्या, नाहीतर सगळा वर्ग चोर ठरेल. एकाच व्याकरणावरून लिहिलेले दोन पार्सर प्रामाणिकपणे लिहिले तरी सारखे दिसतात, हेही ध्यानात ठेवा. साधनाने दिलेला आकडा ही संशयाची जागा आहे, पुरावा नाही.

पुरावा तोंडी परीक्षेत मिळतो, आणि एआयच्या प्रश्नावरही माझ्याकडे दुसरा उपाय नाही. सत्तर मुलांचे चार गट केले तर एका गटात सतरा-अठरा जण येतात, आणि प्रत्येकाला सात मिनिटे दिली की एका गटाचे काम साधारण दोन तासांच्या एका प्रॅक्टिकलमध्ये आटोपते. सत्रात असे दोनदा करणे जमण्यासारखे आहे. या सात मिनिटांत व्याख्या विचारू नका. विद्यार्थ्याचाच प्रोग्राम उघडा आणि त्यात एक बदल करायला सांगा.

माझा आवडता बदल व्याप्तीचा, म्हणजे एखाद्या नावाची कोठली किंमत धरायची या नियमाचा, आहे. समजा ‘क्ष’ची बाहेरची किंमत १० आहे, ‘अ’ हे फंक्शन क्ष छापते, आणि ‘ब’ हे फंक्शन स्वतःचा क्ष २० करून अ ला बोलावते. स्थिर व्याप्ती असलेल्या भाषेत १० छापले जातात, कारण अ जेथे लिहिले आहे तेथील क्ष धरला जातो. गतिमान व्याप्तीच्या भाषेत २० छापले जातात, कारण अ ला ज्याने बोलावले त्याचा क्ष धरला जातो. आता विद्यार्थ्याला विचारा की, तुझा इंटरप्रिटर दहा छापतो, त्याने वीस छापावेत म्हणून कोणती ओळ बदलशील? ज्याने इंटरप्रिटर स्वतः लिहिला आहे त्याला माहीत असते की फंक्शन तयार होताना त्याने तेव्हाचे एन्व्हायर्नमेंट, म्हणजे नावे आणि त्यांच्या किमतींची यादी, सोबत बांधून ठेवले होते, आणि तो त्या जागेवर बोट ठेवतो. ज्याने दुसऱ्याकडून किंवा यंत्राकडून आणला आहे तो ‘क्ष’ शोधत फाईलभर खाली-वर फिरत राहतो. हा प्रश्न विद्वत्तेसाठी विचारलेला नाही. आरंभीच्या लिस्पमध्ये गतिमान व्याप्ती होती, अल्गोल ६० मध्ये स्थिर, आणि मुले रोज वापरतात त्या लिनक्सच्या बॅश शेलमध्ये ‘लोकल’ चल आजही गतिमान पद्धतीने वागतो.

एआयबाबत सरसकट बंदी लिहू नका, ती पाळली जात नाही आणि न पाळलेला नियम बाकीच्या नियमांनाही पोखरतो. कंपायलर बसवताना आलेली त्रुटी समजून घेणे, एखाद्या भाषेतील चिन्हाचा अर्थ विचारणे यांना परवानगी असावी. इंटरप्रिटरचा गाभा लिहून घेण्यास नसावी, आणि जे वापरले ते फाईलच्या माथ्यावर नोंदवावे. यानंतरही कोणी फसवेल. तोंडी परीक्षेला असाइनमेंटच्या गुणांपैकी निम्मे गुण ठेवले तर फसवणुकीचा फायदाही निम्म्यावर येईल.

शिक्षेबद्दल एवढेच सांगतो की, देणारा आणि घेणारा या दोघांशी स्वतंत्रपणे बोला आणि नोटीस बोर्डावर नावे लावू नका. मी एकदा लावली होती, आणि त्यांतील एक मुलगा निर्दोष निघाला. मी त्याची वर्गात माफी मागितली, पण त्याने त्या विषयात पुन्हा कधी हात वर केला नाही.

प्रश्न : मी प्रयोगशाळा सहायक आहे. ‘घरी चालला, लॅबमध्ये चालत नाही’ असे मुले रोज सांगतात. आमच्याकडे काही संगणकांवर अजून टर्बो सी प्लस प्लस हा जुना कंपायलर आहे. काय करावे? — सातपूर

उत्तर : तो निळा पडदा आता निवृत्त करा. टर्बो सी प्लस प्लस १९९० च्या सुमाराचे आहे आणि सी प्लस प्लसचे पहिले आंतरराष्ट्रीय प्रमाण १९९८ चे, म्हणजे मुले प्रमाण ठरण्यापूर्वीची भाषा शिकत आहेत. ‘आयओस्ट्रीम’पुढे ‘डॉट एच’ लिहिण्याची सवय आणि ‘कोनिओ डॉट एच’ हे दोन्ही तेथूनच आले, आणि घरच्या नव्या कंपायलरवर नेमके तेच अडते. पायथनचेही असेच आहे. पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला, तरी जुन्या जर्नलमधील कंस नसलेला ‘प्रिंट’ वर्षानुवर्षे उतरवला जातो आणि पायथन ३ वर पहिल्याच ओळीला त्रुटी येते.

पहिल्या तासाच्या कागदावर भाषेच्या नावापुढे आवृत्तीचा क्रमांक छापून घ्या, आणि त्याखाली ‘लॅबच्या संगणकावर जे चालेल तेच तपासले जाईल’ हे एक वाक्य टाका. सर्व संगणकांवर तीच आवृत्ती बसवणे हे तुमचे काम, आणि जमा करण्यापूर्वी तेथे एकदा चालवून पाहणे हे मुलांचे.

प्रश्न : माझी मुलगी दुसऱ्या वर्षाला आहे. तिला लिस्प, प्रोलॉग, हास्केल अशा भाषा शिकवत आहेत, ज्या कोणतीही कंपनी मुलाखतीत विचारत नाही. त्याऐवजी जावा आणि पायथन पक्के का करून घेत नाहीत? — एक पालक, सिडको, नाशिक

उत्तर : कंपन्या सहसा विचारत नाहीत, हे तुमचे म्हणणे बरोबर आहे. पण तुमची मुलगी ज्या जावात मुलाखत देईल त्या जावात या भाषांचाच माल भरलेला आहे. वापरून झालेली मेमरी आपोआप परत घेण्याची सोय जावाने १९९५ मध्ये घराघरांत पोचवली, परंतु ती जॉन मॅकार्थी यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस लिस्पसाठी शोधली होती. जावाच्या आठव्या आवृत्तीत २०१४ मध्ये ‘लॅम्डा’, म्हणजे नाव न देता लिहिलेली फंक्शने, आली, तेव्हा अनुभवी प्रोग्रामरांनाही नव्याने शिकवण्या लावाव्या लागल्या, आणि लिस्प शिकलेल्याला त्यात नवे फारसे नव्हते. चलाचा प्रकार कंपायलरने स्वतः ओळखण्याची युक्ती रॉबिन मिल्नर यांच्या एमएल भाषेत १९७० च्या दशकात होती. तिचे मर्यादित रूप सी प्लस प्लसमध्ये २०११ साली आणि जावात २०१८ साली दाखल झाले. उलट उदाहरणही आहे. टोनी होअर यांनी १९६५ मध्ये अल्गोल डब्ल्यू भाषेत ‘नल’, म्हणजे ‘येथे काहीच नाही’ असे सांगणारी किंमत, आणले, आणि २००९ मध्ये त्यांनीच त्याला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटले. कोटलिन आणि स्विफ्ट या भाषांत नल असू शकणारा प्रकार वेगळा लिहावा लागतो, तो का, हे या इतिहासाशिवाय कळत नाही.

प्रोलॉगबद्दल तुम्हाला घरीच प्रयोग करता येईल. मार्सेय येथे आलें कोल्मेरोअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ च्या सुमारास ही भाषा तयार केली. तीत आज्ञा द्यायच्या नसतात, वस्तुस्थिती आणि नियम सांगायचे असतात. मुलीला आपल्या घरातील नाती लिहायला सांगा. आईचा भाऊ तो मामा, वडिलांची बहीण ती आत्या, असा एकेका ओळीचा नियम होतो. मराठीत प्रत्येक नात्याला स्वतंत्र शब्द असल्यामुळे हे उदाहरण इंग्रजीपेक्षा आपल्याकडे अधिक नेटके बसते. मग त्याच एका नियमाला ‘हिचा मामा कोण?’ असेही विचारता येते आणि ‘हा कोणाकोणाचा मामा?’ असेही. जावात हे दोन प्रश्न दोन वेगळी फंक्शने मागतील.

तुमच्या तक्रारीचा एक भाग मात्र मला मान्य आहे. काही ठिकाणी एका सत्रात सहा भाषांची ओळख करून दिली जाते, आणि ती पंचवटीतील सगळी देवळे एका तासात रिक्षातून दाखवल्यासारखी होते. एक फलनप्रधान (हास्केलसारखी), एक तर्कप्रधान (प्रोलॉगसारखी) आणि एक मेमरीचा हिशेब स्वतः मागणारी, अशा तीन भाषा आणि प्रत्येकीत एक नीट पूर्ण झालेला प्रोग्राम, एवढे पुरेसे आहे.

प्रश्न : तोंडी परीक्षेत मराठीत उत्तर दिले तर चालते का? मला विषय समजतो, इंग्रजीत सांगताना अडखळतो. — एक विद्यार्थी, दिंडोरी

उत्तर : लेखी परीक्षेचे माध्यम विद्यापीठ ठरवते, तेथे पर्याय नाही. वर्गातील तोंडी परीक्षेत शिक्षकाला आरंभीच विचारा, बहुतेक जण हो म्हणतील. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१ पासून मराठीसह काही भारतीय भाषांत अभियांत्रिकी शिकवण्यास परवानगी दिलेली आहे, तेव्हा मराठीत समजावणे ही काही शरमेची गोष्ट राहिलेली नाही. संज्ञा इंग्रजीच ठेवा, वाक्य मराठी असू द्या. जाता जाता, पायथन ३ मध्ये चलांची नावे देवनागरीतही देता येतात. घरी गंमत म्हणून करून पाहा, सबमिशनमध्ये नको.

प्रश्न : मी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत पाळीत काम करतो आणि नाशिकच्याच यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून पदवी घेत आहे. हा विषय घरबसल्या रीतसर शिकता येईल का? — एक वाचक

उत्तर : येईल. ‘स्वयं’ या केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर एनपीटीईएलचे, म्हणजे आयआयटी आणि आयआयएस्सी यांच्या ऑनलाइन शिक्षण-उपक्रमाचे, अभ्यासक्रम असतात. नोंदणी व शिक्षण विनामूल्य आहे, प्रमाणपत्राच्या परीक्षेला शुल्क पडते, आणि ती परीक्षा ठरलेल्या केंद्रावर प्रत्यक्ष जाऊन द्यावी लागते. एकूण गुणांत दर आठवड्याच्या असाइनमेंटचा वाटा २५ आणि परीक्षेचा ७५ असतो, आणि प्रमाणपत्रासाठी पहिल्यात किमान १० व दुसऱ्यात किमान ३० मिळवावे लागतात. बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात सर्वोत्तम आठ असाइनमेंट धरल्या जातात, म्हणजे रात्रपाळीचे चार आठवडे हुकले तरी निभावते. पहिल्या उत्तरातील सवलतीच्या दिवसांचीच ही थोरली बहीण म्हणा.

श्रेयांक मिळवायचे असतील तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार विद्यापीठ एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंतचे विषय ‘स्वयं’वरून घेऊ देऊ शकते. परंतु तुमच्या अभ्यासक्रमाला ते लागू केले आहे का, आणि कोणता विषय कोणत्या विषयाच्या बदल्यात धरला जाईल, हे नोंदणीपूर्वी तुमच्या अभ्यासकेंद्राकडून लेखी घ्या. परीक्षेची तारीख कळताच पाळी बदलून घेण्याचा अर्जही त्याच आठवड्यात द्या.